काचेच्या पेटीतली मरळ

दिवाणखान्यातील मत्स्यपेटी म्हटली की गोल्डफिश, गप्पी, एंजल अशी गोजिरवाणी मंडळी डोळ्यांपुढे येतात. घरातली मुले खूश, पाहुण्यांना कौतुक आणि कोपऱ्याला शोभा. पण काही हौशी लोकांचे एवढ्यावर समाधान होत नाही. त्यांना हवा असतो शिकारी मासा, आणि तोही नदी-ओढ्यातून थेट पकडून आणलेला. आपल्या देशात त्यासाठी लांब जावे लागत नाही. मासळीबाजारात पाण्याबाहेर काढल्यावरही तासन्‌तास जिवंत राहणारी मरळ याच जातकुळीतली. डोके सापासारखे चपटे, म्हणून इंग्रजीत तिला ‘स्नेकहेड’ म्हणतात. शास्त्रीय नाव चन्ना.

ही हौस बहुधा पावसाळ्यात घरात शिरते. कोकणात, मावळात पहिल्या पावसाबरोबर चढणीचे मासे निघतात आणि गावातली पोरे बादलीतून बोटभर पिल्ले घरी आणतात. शहरात हेच काम मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारखा किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारासारखा बाजार करतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पिल्लू इतके देखणे दिसते की विचारायचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. हे वाढून केवढे होणार?

उत्तर जातीवर अवलंबून आहे. ओढ्यात सापडणारी चन्ना गचुआ ही धाकटी बहीण वीतभर वाढते. आसामची इंद्रधनुषी रंगांची चन्ना ब्लेहेरीही लहानखुरीच. पण आपण जिचे कालवण करतो ती मरळ सहज दोन फुटांची होते, आणि तिची थोरली बहीण चन्ना मरुलियस चार फुटांपर्यंत जाते. लाल पट्ट्यांची ‘जायंट स्नेकहेड’ची पिल्ले दुकानात फार विकली जातात. ती आग्नेय आशियातली जात तीन फुटांच्या पुढे वाढते. अशा माशाला घरातली कोणतीही पेटी पुरत नाही आणि तो घेऊच नये. दुकानदार सांगेल, ‘पेटी लहान असली की मासाही लहान राहतो.’ हे खरे नाही. अपुऱ्या जागेत आणि घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो आणि आयुष्य कमी होते.

बुडून मरणारा मासा

मासा बुडून मरतो हे वाक्य विनोदी वाटेल, पण मरळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला तिला हवेतून श्वास घेण्यासाठी खास अवयव असतो. अधूनमधून पृष्ठभागावर येऊन ती हवेचा घोट घेते. आटत चाललेल्या डबक्यात, चिखलात ती तग धरते ती याच बळावर. म्हणून पेटी काठोकाठ भरू नये. पाणी आणि झाकण यांत तीन-चार बोटे तरी मोकळी जागा हवी. झाकण मात्र हवेच, आणि तेही वजन ठेवलेले किंवा चिमट्यांनी पक्के केलेले. मरळ उडी मारण्यात पटाईत असते. नळी आत जाण्यासाठी ठेवलेल्या फटीतूनसुद्धा ती निसटते आणि सकाळी कपाटामागे सापडते.

हवेतून श्वास घेते म्हणजे तिला पाणी कसेही चालते, असा सोयीस्कर निष्कर्ष काहीजण काढतात. शिकारी माशाचे खाणे प्रथिनांचे, त्यामुळे त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात भरपूर अमोनिया उतरतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट बनवतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आधी मांडावी आणि मासा मागाहून आणावा. आपल्याकडे नेमके उलटे होते! नंतरही दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे लागते, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे लागते.

वजनाचाही हिशेब करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. म्हणजे नुसते पाणीच अडीचशे किलो. काच, वाळू आणि दगड वेगळे. टीव्हीच्या जुन्या टेबलावर ती ठेवण्याचे धाडस करू नये. आणि घरात पाणी एक दिवसाआड येत असेल, तर दर रविवारी ऐंशी लिटर कोण भरणार, हे सर्वांनी मिळून आधीच ठरवावे. हौस एकाची आणि बादल्या दुसऱ्याच्या, अशी वाटणी बरीच घरे जाणतात.

रानातून आलेला पाहुणा

पेटीत जन्मलेला मासा आणि ओढ्यातून पकडलेला मासा यांत फार अंतर असते. रानातल्या माशाने कधी काच पाहिलेली नसते. माणूस जवळ आला की तो तोंड आपटून घेतो. सुरुवातीचे काही दिवस तो काहीच खात नाही, आणि घरचे घाबरून पेटीत नाना पदार्थ टाकून पाणी नासवतात. त्याऐवजी पेटीच्या तीन बाजूंना कागद लावावा, आत मडक्याचे तुकडे, झाडाची मुळे आणि तरंगत्या वनस्पती घालाव्यात, दिवा मंद ठेवावा. सुदृढ मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही.

तो सोबत काय आणतो, हे अधिक महत्त्वाचे. अंगाला अँकर वर्म चिकटलेला असतो, पोटात जंत असतात. १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणांच्या साथीने पुढे देशभरातल्या मरळी पोखरल्या. अंगावर लाल ठिपके, मग खोल जखमा अशी ती बुरशीसदृश रोगजंतूची साथ, आणि मरळ तिला लवकर बळी पडते. म्हणून नवा मासा महिनाभर तरी वेगळ्या, साध्या पेटीत ठेवावा. जाळी, नळी, बादलीसुद्धा वेगळी. अंगावर ताजी जखम किंवा लाल डाग दिसत असेल, तर दया म्हणूनही तो विकत घेऊ नये.

खाण्याच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. शिकारी माशाला जिवंत मासेच लागतात असे समजून रोज स्वस्तातले गोल्डफिश आणून सोडले जातात. पोरांना तमाशा दिसतो खरा, पण त्या माशांबरोबर रोगही आत येतात. शिवाय गोल्डफिश आणि कार्प जातीच्या माशांत थायामिनेज नावाचे द्रव्य असते, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. तोच आहार महिनोन्‌महिने चालला की मासा तोल जाऊन गटांगळ्या खाऊ लागतो. गांडुळे, सोललेल्या कोळंबीचे तुकडे, नाकतोडे यांवर सुरुवात करावी. चिमट्यात धरून हलवले की मरळ झडप घालते, आणि हळूहळू मांसाहारी माशांच्या तयार गोळ्याही घेऊ लागते. मोठ्या माशाला आठवड्यातून तीन वेळा पुरे.

सोबती मात्र देऊ नये. तोंडात मावेल तो भक्ष्य आणि न मावेल तो वैरी, असा तिचा हिशेब असतो. स्वजातीयांचेही एकमेकांशी पटेलच असे नाही. एकत्र वाढलेल्यांतून जोडी जमली तर जमली. गचुआची जोडी जमली तर दृश्य मोठे लोभस असते. नर अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळतो आणि त्या काळात उपास करतो. असे घरी वाढलेले पिल्लू मिळाले तर रानातल्यापेक्षा तेच घ्यावे.

आसामच्या बिलांमधून

आसामात पाणथळ तळ्यांना ‘बिल’ म्हणतात. तिथल्या आणि उत्तर बंगालच्या मरळींना जगभर मागणी आहे. दिब्रुगडची नारिंगी ठिपक्यांची चन्ना ऑरंटिमॅक्युलाटा शास्त्राला २००० साली, तर उत्तर बंगालच्या लेफ्रागुडी दलदलीतली चन्ना आंद्राओ २०१३ साली ज्ञात झाली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात बिळे करून राहणारी चन्ना बारका परदेशात शेकडो डॉलरना विकली जाते. यातला बराच माल रानातूनच पकडलेला असतो आणि कोलकात्यामार्गे बाहेर जातो. मासे पकडणाऱ्या गरीब माणसाला त्यातून दोन पैसे मिळतात, हे खरे. पण बिळातले विणीचे मासेच काढले तर पुढच्या वर्षी त्यालाही काही उरत नाही. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून मासा काढणे तर गुन्हाच आहे. या ईशान्येच्या जातींना थंडीत गार पाणी सोसते, किंबहुना हवे असते. वर्षभर हीटर लावून त्यांना उकडत ठेवू नये.

आणि मासा नकोसा झाला तर? ‘नदीत सोडून पुण्य मिळवू’ हा सर्वांत वाईट उपाय. अमेरिकेत मेरीलँडमधील क्रॉफ्टन गावी २००२ साली एका तळ्यात चीनकडच्या मरळीची हजारावर पिल्ले सापडली. एका माणसाने बहिणीच्या आजारपणात सूप करण्यासाठी दोन जिवंत मासे मागवले होते. ते येईपर्यंत बहीण बरी झाली, मासे पेटीत राहिले, पेटी अपुरी पडली आणि त्याने ते तळ्यात सोडले. सरकारला तळ्यात विष घालावे लागले आणि त्याच वर्षी देशात जिवंत मरळ आणण्यावर बंदी आली. आपल्याकडेही २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात मगरीसारख्या जबड्याचा अमेरिकन ‘अ‍ॅलिगेटर गार’ सापडला. तो काही पोहत आला नव्हता. आसामची मरळ सह्याद्रीच्या ओढ्याला अशीच परकी आहे.

त्यापेक्षा मासा परत घेणार का, हे दुकानदाराला खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे, किंवा मोठी पेटी असलेला दुसरा हौशी शोधावा. खाण्याची मरळ असेल तर कुणीतरी कालवणाचाही सल्ला देईलच. मात्र ज्या पेटीत कधी औषध घातले आहे, तिच्यातला मासा ताटात घेऊ नये.