फेसबुकचे रस्ते गायब झालेत, हे बाहेरच्यांना दिसलं कसं?

4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवतेय? नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम ठप्प. आपण वायफाय बंद-चालू करत बसलो. जगभरचे नेटवर्क इंजिनिअर मात्र थोड्याच वेळात सांगू लागले, की फेसबुककडे जाणारे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेलेत.

त्यांना हे कुठे दिसलं?

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्क. 'आमच्याकडे यायचा रस्ता हा' असं ती एकमेकांना बीजीपी या पद्धतीने सांगत राहतात. मोठे राउटर त्याची यादी ठेवतात, सुमारे 10 लाख रस्त्यांची. अमेरिकेतलं ओरेगन विद्यापीठ 'राउट व्ह्यूज' प्रकल्पातून अशी यादी कोणालाही बघू देतं. अनेक इंटरनेट कंपन्याही 'लुकिंग ग्लास' नावाचं वेब पेज ठेवतात.

पण बघू द्यायचं म्हणजे राउटरचं दार उघडायचं? रस्ते बदलायचे आदेशही त्याच दारातून जातात. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला टाकलेला एक रस्ता बाहेर पसरला आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास गंडलं. एवढंसं पुरतं.

म्हणून बघणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी करतात. ओपनबीजीपीडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली, की मुख्य सॉकेटसोबत एक 'रिस्ट्रिक्टेड' सॉकेटही तयार होतो. सॉकेट म्हणजे चालू प्रोग्रॅमशी बोलायची जागा. इथे फक्त 'दाखव' प्रकारचे आदेश चालतात. 'रस्ता टाक', 'जोडणी तोड' म्हटलं तर सरळ नकार. खरी गंमत अशी, की हा नकार वेब पेज देत नाही, बीजीपी चालवणारा प्रोग्रॅमच देतो. उद्या कोणी ते पेज हॅक केलं, तरी त्या खिडकीतून बघण्यापलीकडे काही करता येत नाही. ओपनबीएसडीसोबत येणारं लुकिंग ग्लास पेज तर सुरुवातीला बंदच असतं. ॲडमिनने मुद्दाम परवानगी दिली तरच चालतं.

बघण्यालाही लगाम हवाच. 10 लाखांची अख्खी यादी कोणी सारखी मागू लागलं तर राउटरवर ताण येतो. त्यामुळे एका वेळी एकाच पत्त्याची चौकशी करू देणं शहाणपणाचं.

आणि फेसबुकचं त्या रात्री नेमकं काय झालं? कंपनीनेच नंतर सांगितलं: देखभालीच्या कामात, आपल्या जागतिक नेटवर्कची क्षमता तपासायला एक आदेश दिला होता. फक्त तपासायला. त्याने सगळ्या जोडण्याच तोडल्या. असे आदेश अडवणारी यंत्रणा होती, पण तिच्यातच बग निघाला.