पहाटेचं काँक्रीट

पहाटे २.००
ऑगस्टात लास व्हेगसमध्ये काँक्रीट टाकायचं तर ते उजाडायच्या आत. ७ जुलै २०२४ ला इथं पारा १२० अंश फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे ४९ सेल्सियसच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसालाही ते जडच. गाडीतूनच आईला फोन लावतो. तिच्याकडे दुपारचे अडीच वाजलेले, जेवण उरकून ती आडवी झालेली असते. "अजून खड्डाच खणताय का रे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. खड्डा झाला, आता पाया चालू आहे, असं सांगितलं की तिला बरं वाटतं. बेसबॉलशी तिला देणंघेणं नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसं नाही.

२.४५
ट्रॉपिकाना अव्हेन्यू आणि लास व्हेगस बुलवार्डचा कोपरा. १९५७ साली उघडलेलं ट्रॉपिकाना हॉटेल इथंच होतं. ९ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे त्याचे दोन मनोरे सुरुंग लावून पाडले, तेही आतषबाजी करून. हे गाव पाडापाडीचाही तमाशा करतं! ३५ एकरांची ती जागा, त्यातले ९ एकर नव्या बेसबॉल स्टेडियमचे. २३ जून २०२५ ला भूमिपूजनाचा समारंभ झाला. संघ ॲथलेटिक्स. फिलाडेल्फियात जन्मला, १९५५ ला कॅन्सस सिटीत गेला, १९६८ ला ओकलंडला, आणि आता इकडे यायचा आहे. तोवर सॅक्रामेंटोजवळच्या, सुमारे १४,००० प्रेक्षक मावतील अशा एका छोट्या मैदानात दिवस काढतोय. आम्हाला तारीख दिलीय ती २०२८ च्या हंगामाची. मी एका उपकंत्राटदाराकडे नियोजनाचं काम करतो; ही तारीख उलटी मोजत आणायची, एवढाच माझा धंदा.

३.२०
पहिला ट्रान्झिट मिक्सर आत येतो. एका गाडीत १० घनयार्ड, म्हणजे साधारण साडेसात घनमीटर माल. टेस्टिंगवाला आधी मालात थर्मामीटर खुपसतो. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये ९५ फॅरनहाइट ही मर्यादा, त्यामुळे प्लांटवर पाण्याऐवजी काही भाग बर्फच टाकतात. मग स्लंप. बारा इंची शंकू, तीन थर, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोसे. शंकू वर उचलला की ढीग किती खचतो ते पट्टीनं मोजायचं. जगात कुठंही गेलात तरी हे काम बदलत नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे क्यूब भरतात आणि इथं सिलिंडर. ताकद तपासायला सात दिवसांनी एक फोडायचा, अठ्ठावीस दिवसांनी बाकीचे.

पंप सुरू झाला की कुणी बोलत नाही, बोललं तरी ऐकू येत नाही. फोरमन हातानं खुणा करतो, व्हायब्रेटरवाला सळयांच्या जाळीत कंबरेत वाकलेला. एका जागी जास्त वेळ व्हायब्रेटर धरला तर खडी खाली बसते, कमी धरला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. त्याला हे सांगावं लागत नाही.

आजचा उशीर मात्र काँक्रीटमुळे नाही, कॅलिचीमुळे. या खोऱ्यातल्या जमिनीत चुन्यानं आवळून दगड झालेला हा थर असतो. बोअरच्या नोंदीत तो दिसतो, पण दोन बोअरच्या मध्ये काय दडलंय ते यंत्राचा दात तुटल्यावरच कळतं. शेजारच्या फुटिंगला तो लागला. त्याची जागा तयार नाही, म्हणजे सळई नाही, म्हणजे त्याच्या उद्याच्या गाड्या रद्द.

६.३०
दिवसपाळी येते. सगळ्यांनी हातपाय ताणायचे, मग सुरक्षेचं बोलणं, आधी इंग्रजीत आणि नंतर स्पॅनिशमध्ये. पाणी, सावली, चक्कर आली तर काय करायचं. उन्हातल्या कामाचे नियम नेवाडा राज्यानं आता लेखी केलेत. चांगलं झालं. नागपुरात आमच्या साइटवर डोक्याला ओला रुमाल हाच नियम होता.

८.००
नियोजनाची बैठक. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, एकेक रंग एकेका ठेकेदाराचा. कॅलिचीनं खाल्लेले दोन दिवस कुठून काढायचे यावर घासाघीस होते. पोलादवाला म्हणतो, माझे खांब तयार आहेत. प्लंबिंगवाला म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही. शेवटी एक दिवस मिळतो, दुसऱ्याचं उद्या बघू.

१०.००
आता बिल. आपल्याकडच्या भाषेत आरए बिल: किती काम झालं, त्यातलं आधी किती दाखवलं, या महिन्यात किती. मला विचाराल तर स्टेडियम खरं इथंच बांधलं जातं. २०२३ च्या जूनमध्ये नेवाडाच्या विधिमंडळानं सरकारी मदत जास्तीत जास्त ३८ कोटी डॉलरवर बांधली. त्यात राज्याच्या १८ कोटींच्या विकता येणाऱ्या करसवलती, क्लार्क काउंटीचे १२ कोटींपर्यंतचे रोखे, उरलेलं इतर सवलतींत. रोखे फेडायचे ते स्टेडियमभोवती आखलेल्या क्षेत्रात गोळा होणाऱ्या करांतून. आणि अट अशी, की आधी संघानं स्वतःचे १० कोटी खर्च करून दाखवायचे, मगच सरकारी तिजोरीला हात. म्हणून माझ्या पहाटेच्या प्रत्येक गाडीची चिठ्ठी जपून ठेवावी लागते.

तेव्हा खर्चाचा अंदाज दीड अब्ज डॉलरचा होता, आता दोन अब्ज म्हणतात. मदतीला मर्यादा घातलेली असल्यानं वाढीव अर्धा अब्ज मालकाच्या अंगावर. त्याबद्दल कायदा लिहिणाऱ्यांना मी मार्क देतो. पण शिक्षकांची संघटना या पैशावर लोकांचं मत घ्या म्हणत होती, आणि २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा अर्ज नाकारला तो तांत्रिक कारणावरून. अर्जातलं वर्णन दिशाभूल करणारं ठरवून. मूळ प्रश्न तसाच राहिला. स्टेडियमच्या आवारात बिअरवर जो कर मिळेल तो नवा पैसा, की तोच माणूस एरवी गावात दुसरीकडे ती बिअर प्यायला असता? याचं उत्तर माझ्या वेळापत्रकात कुठल्याही रकान्यात बसत नाही. पगार मात्र बसतो, हेही खरं.

दुपारी १.००
डबा ट्रेलरमध्येच: भाकरी नाही, पोळी आणि ठेचा. भिंतीवर स्टेडियमचं चित्र. डेन्मार्कच्या ब्यार्के इंगेल्सच्या कंपनीनं काढलेलं छप्पर, एकमेकांवर चढलेली पाच मोठी कवचं. स्पर्धा जिंकल्यावर मिरवतात त्या पताकांवरून सुचलेलं म्हणे. लोकांना त्यात आर्माडिलो दिसतो. छप्पर उघडणार नाही, या उन्हात उघडून करायचंय काय? क्षमता ३३,००० प्रेक्षकांच्या आसपास, मोठ्या लीगमधल्या सगळ्यांत लहानांपैकी एक. मला हा आकडा शहाणपणाचा वाटतो. ओकलंडचं जुनं मैदान अवाढव्य होतं आणि बहुतेक दिवस रिकामं.

संध्याकाळी ६.३०
दुपारी झोप झाली. आता मंडळाची झूम बैठक, गणपती जवळ आलेत. आरती, महाप्रसाद, मुलांचे कार्यक्रम यांचं वेळापत्रक दरवर्षी माझ्याच गळ्यात. मखराचं काम कुणाकडे यावर वीस मिनिटं जातात. मग एक काका विचारतात, "स्टेडियमची तिकिटं मिळतील ना रे आपल्याला?" त्यांना सांगतो, काका, मला २०२८ पर्यंत इथं ठेवतील की नाही तेच माहीत नाही. त्यावर दुसरे काका, "आणि त्याचा कर आपल्याकडून घेणार का?" मी क्षेत्र, रोखे, सवलती असं समजवायला लागतो तोच बायको लॅपटॉप स्वतःकडे ओढते. "काका, याला एक वाजता उठायचंय. मखराचं मी बघते."