वाटणीचा वकील कसा घडतो?

मनुष्य निघून गेल्यावर त्याच्या मागे दुःख राहते, तशी मिळकतही राहते. घर, कुळागर, बँकेतील ठेव, घरातील सोनेनाणे आणि पुष्कळदा कोणाचे तरी देणेसुद्धा. ज्याचे हे सारे होते तो आता सांगावयास नसतो. मग ते कोणाचे, किती आणि कोणत्या आधारावर, हे ठरविण्यासाठी वारसांना ज्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या वकिलाच्या घडणीविषयी येथे थोडे लिहिण्याचा आमचा विचार आहे. वकील होण्याची इच्छा बोलून दाखविणारे विद्यार्थी आम्हांस प्रतिवर्षी भेटतात. परंतु त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा साक्षीदाराला निरुत्तर करणारा फौजदारी वकील असतो. वाटणीच्या वकिलाचे काम असे चारचौघांत दिसणारे नव्हे. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग जुन्या वह्यांच्या संगतीत जातो.

या शाखेत इंग्रजांची परंपरा एक आणि आपल्या गोव्यात आलेली पोर्तुगीजांची निराळी. 'प्रोबेट' हा शब्द लॅटिनमधून आला. सिद्ध करणे हा त्याचा मूळ अर्थ. मृत्युपत्र खरे आहे असे न्यायालयाने प्रमाणित केले, म्हणजे प्रोबेट मिळाले. इंग्लंडात जंगम मालमत्तेच्या मृत्युपत्रांचे हे काम शतकानुशतके चर्चच्या न्यायालयांकडे होते आणि लंडनच्या 'डॉक्टर्स कॉमन्स' या संस्थेतील कायदेपंडित ते चालवीत. तेथे बाजू मांडणाऱ्यास ऑक्सफर्ड अथवा केंब्रिज येथील कायद्याची डॉक्टर ही पदवी लागे. कागदपत्रे सिद्ध करणारे 'प्रॉक्टर' त्यांच्या हाताखाली असत. डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्ड ज्या कचेरीत उमेदवारीस राहतो ती याच प्रॉक्टरांची. १८५७ च्या कायद्याने चर्चचा हा अधिकार संपला आणि पुढे हे काम सर्वसाधारण सॉलिसिटरांच्या हाती गेले. मुंबईतही सॉलिसिटरच्या पेढीवर उमेदवारी करून, परीक्षा देऊन, मृत्युपत्रांची कामे शिकण्याचा प्रघात पडला.

गोव्यात मात्र वारशाचा कायदा पोर्तुगालमधून आला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. तिच्या अभ्यासासाठी गोव्यात विद्यापीठ नव्हते. ज्याला पदवीधर वकील व्हावयाचे त्याने आगबोटीने पोर्तुगालास जावे. आणि १९१३ मध्ये लिस्बनला कायद्याची विद्याशाखा निघेपर्यंत तेथेही कोइंब्रा हे एकच ठिकाण होते. ही वाट अर्थातच थोड्यांची. नागरी कायद्यावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिणारे लुईश द कुन्हा गोन्साल्विश हे गोव्यात जन्मलेले गृहस्थ याच वाटेने मोठे झाले. ज्यांस समुद्रापार जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी दुसरी वाट होती: पदवी नसता परीक्षा देऊन न्यायालयाची सनद मिळविणे. अशा वकिलांस 'प्रोव्हिजनारियु' म्हणत. आमच्या मते, गोव्याच्या वकिलीचा इतिहास लिहिताना या बिनपदवीच्या मंडळींना मागच्या बाकावर बसविणे अन्यायाचे होईल.

तिसरा माणूस नोतार, म्हणजे नोटरी. हल्ली नोटरी म्हटले की प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारा गृहस्थ आठवतो. तो १९५२ च्या कायद्याखालचा नोटरी. सामान्यतः दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीस ते काम मिळते. गोव्याचा विशेष नोटरी निराळा. तो सरकारी अधिकारी असून मृत्युपत्र स्वतःच्या वहीत लिहून घेतो, आणि अमुक मृताचे वारस हेच, असा दस्तऐवजही साक्षीदारांच्या जबानीवरून तयार करतो.

आता वकिलाला येथे काय यावे लागते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका गृहस्थाच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. मिळकत ८० लाखांची, कर्ज काही नाही. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात पतिपत्नींची मिळकत समाईक मानली जाते. म्हणून ४० लाख पत्नीचेच. तो वारसा नव्हे. उरलेल्या ४० लाखांपैकी निम्म्याचीच, म्हणजे २० लाखांची व्यवस्था त्या गृहस्थास मृत्युपत्राने स्वेच्छेने लावता आली असती. बाकीचे २० लाख मुलांचे, आणि त्यात मुलीचा वाटा मुलांइतकाच. एवढे गणित आमचा आठवीचा विद्यार्थीही करील. अडचण पुढे येते. मुलांचे विवाह झाले असतील तर त्याच समाईकपणामुळे सुना व जावई यांचाही संबंध येतो. त्यांना वगळून केलेली वाटणी टिकत नाही. तेव्हा वकिलाला मृताची वंशावळ पुरत नाही, घरातील प्रत्येक विवाहाची तारीख आणि नोंद पाहावी लागते.

वाटणीसाठी न्यायालयात जी कार्यवाही चालते तिला इन्व्हेंटरी म्हणतात. कुटुंबप्रमुख शपथेवर वारसांची नावे सांगतो, मिळकतीची यादी देतो, तिचे मूल्य ठरते. एकच वस्तू दोघांस हवी असेल तर वारसांतल्या वारसांत बोली होते; ज्याची बोली मोठी त्याला वस्तू मिळते आणि हिश्शाहून जे अधिक आले ते त्याने इतरांस रोख द्यावयाचे. ही पद्धत कागदावर फार न्याय्य वाटते, आणि बऱ्याच अंशी ती आहेही. पण एकाच ताटात जेवलेली भावंडे वडिलांच्या घरावर समोरासमोर बोली करू लागली, म्हणजे पूर्वीचे सारे रुसवे त्या आकड्यांत शिरतात. अशा वेळी कोणाला बोलू द्यावे आणि कोणाला बाहेर नेऊन पाणी द्यावे, हे ज्याला कळते त्याच्याच अशिलांची घरे पुढे एकमेकांकडे जातयेत राहतात. कायद्याच्या महाविद्यालयात हा विषय शिकवीत नाहीत.

आज या व्यवसायात येणाऱ्याची औपचारिक वाट सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा अथवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी आणि अखिल भारतीय परीक्षा. गोव्यात त्यासाठी आता समुद्र ओलांडावा लागत नाही; पणजीचे साळगावकर विधी महाविद्यालय १९७३ पासून चालू आहे. मात्र वारसाहक्काच्या कामासाठी वेगळी सनद नाही. ते ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत बसून शिकावे लागते, आणि तेथे पहिला धडा बहुधा आकड्यांचा असतो. एकाच बागेला जुन्या भूनोंदणी कचेरीत एक क्रमांक, महसुली 'मात्रिज'मध्ये दुसरा आणि मुक्तीनंतरच्या भूमापनात तिसरा. हे तिन्ही एकाच जमिनीचे आहेत हे सिद्ध झाल्यावाचून एक-चौदाच्या उताऱ्यावर वारसाचे नाव चढविणे कठीण.

नावांचीही तीच गत. आम्ही घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो आणि आमच्या आजोबांचे नाव पोर्तुगीज वहीत लिहिलेले आहे. पोर्तुगीज लेखक 'श' या उच्चारासाठी रोमन लिपीतील 'एक्स' हे अक्षर योजीत. म्हणून वहीतील शंकर 'एक्स'ने आरंभ होतो आणि आधारपत्रावरील शंकर 'एस'ने. दोन्ही शंकर एकच, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. न्यायालयाला ते दाखवून द्यावे लागते.

गोव्याने २०१२ मध्ये वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी यांचा एकत्रित कायदा इंग्रजीत केला. तो २०१६ मध्ये अंमलात आला. त्यामुळे पोर्तुगीज भाषेची गरज संपली, असे कोणी म्हणतात. ते आम्हांस पटत नाही. वारसा उघडतो तो मृत्यूच्या दिवशी, आणि त्या दिवशीचा कायदा त्याला लागतो. आजोबा १९५८ मध्ये वारले व वाटणी राहून गेली, तर नातवंडांच्या दाव्याचा आरंभ १९५८ च्या कायद्यापासून आणि त्या वेळच्या हस्तलिखित नोंदींपासून होतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या गोव्याबाहेरील मिळकतीलाही हाच वारसाहक्काचा कायदा लागू होतो. म्हणजे मुंबईच्या सदनिकेच्या वाटणीसाठीही येथली जुनी वही उघडावी लागेल. ते वळणदार अक्षर लावू शकणारे वकील व कारकून मात्र वयोवृद्ध होत चालले आहेत. ही भाषा गोवा विद्यापीठात शिकता येते, काही विद्यालयांतही ती शिकवितात. ज्यांना या कामाकडे वळावयाचे आहे त्यांनी पदवीच्या वर्षांतच तिचा आरंभ करावा. सनद हाती आल्यावर अशिलांच्या गर्दीतून व्याकरणासाठी सवड काढणे अवघड जाते.