विश्लेषण : ज्या किनाऱ्याजवळ झांबियाचा संघ संपला, तिथेच तो विजेता कसा ठरला?

आफ्रिकन नेशन्स कप २०१२. झांबियाचे सगळे सामने उपांत्य फेरीपर्यंत इक्वेटोरियल गिनीत झाले. गॅबॉनची राजधानी लिब्रव्हिल गाठायची, तर अंतिम फेरी गाठणे भाग होते. या शहराशी झांबियाचे नाते तेव्हा १९ वर्षे जुने आणि वेदनादायी होते.

१९९३ मध्ये काय घडले?

२७ एप्रिल १९९३ रोजी विश्वचषक पात्रता सामन्यासाठी संघ सेनेगलला निघाला. फुटबॉल संघटनेकडे प्रवासी विमानाच्या तिकिटांसाठी पैसे नव्हते, त्यामुळे हवाई दलाचे जुने ‘बफेलो’ विमान देण्यात आले. त्याला इंधनासाठी वाटेत अनेक थांबे घ्यावे लागणार होते. लिब्रव्हिलहून उड्डाण करताच ते समुद्रात कोसळले. १८ खेळाडूंसह सर्व ३० जण ठार झाले.

कर्णधार कालुशा ब्वाल्या तेव्हा नेदरलँड्समध्ये पीएसव्ही आइंडहोवनकडून खेळत होता. तो थेट सेनेगलला जाणार होता, म्हणून वाचला. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये इटलीला ४-० असे हरवताना हॅटट्रिक करणारा तो हाच.

अपघाताचे कारण

गॅबॉनचा अहवाल यायला २००३ उजाडले. दोन इंजिनांचे विमान एक इंजिन बंद पडले तरी उडू शकते. इथे डाव्या इंजिनात बिघाड झाला आणि वैमानिकाने बंद केले उजवे, म्हणजे चालू असलेले. सदोष इशारादर्शक दिवा आणि वैमानिकाचा थकवा, अशी कारणे अहवालात आहेत. तो आदल्याच दिवशी संघाला मॉरिशसहून घेऊन आला होता. चूक वैमानिकाची खरी, पण असे विमान आणि असा थकलेला वैमानिक संघाच्या वाट्याला का आला, याचे उत्तर कॉकपिटमध्ये सापडत नाही.

मग नवा संघ?

कालुशाच्या नेतृत्वाखाली घाईघाईत उभा राहिलेला संघ १९९४ च्या आफ्रिकन नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि नायजेरियाकडून १-२ असा हरला. विश्वचषकाची संधीही मोरोक्कोविरुद्धच्या शेवटच्या पात्रता सामन्यातील पराभवाने हुकली.

२०१२ चा अंतिम सामना

गंमत म्हणजे (याला गंमत म्हणायचे का, हा प्रश्नच आहे) २०१२ मधला झांबियाचा पहिला सामनाही सेनेगलशीच होता. तो २-१ ने जिंकला. अंतिम सामन्याआधी खेळाडूंनी लिब्रव्हिलच्या किनाऱ्यावर जाऊन फुले वाहिली. समोर आयव्हरी कोस्टचा तारांकित संघ होता. १२ फेब्रुवारीच्या त्या लढतीत दिदिए द्रोग्बाने पेनल्टी गोलपोस्टवरून मारली. अतिरिक्त वेळेनंतरही ०-०. पेनल्टी शूटआउटमध्ये स्टोपिला सुंझूने निर्णायक गोल केला आणि झांबिया ८-७ ने विजयी झाला. सुरुवातीलाच जखमी झालेल्या जोसेफ मुसोंडाला प्रशिक्षक हर्वे रेनार यांनी उचलून जल्लोषात आणले.

हे पाहायला कालुशाही मैदानात होता. आता तो झांबियाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता.