सुट्टीतील हस्तकला आणि गावचे ग्रंथालय

शाळांना सुट्टी लागली की हस्तकलेचे वर्ग गावोगावी भरतात. तसा वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात भरला, म्हणजे मात्र एक निराळा प्रश्न उभा राहतो. शिबिर संपल्यावर मूल पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढते का?

म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुरसारखे गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव पिरियापट्टण तालुक्याच्या तंबाखूच्या पट्ट्यात येते. कर्नाटकात एप्रिल-मे हे सुट्टीचे महिने, आणि रोपे लावण्याची धांदलही त्याच सुमारास. मोठी माणसे शेतावर, मुले मोकळी! कर्नाटक शासनाने २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’, म्हणजे ‘वाचनाचा प्रकाश’, ही मोहीम हाती घेऊन ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांचे सभासदत्व मुलांना विनामूल्य केले. दार उघडले, मुलांना आत टिकवून ठेवण्याचे काम उरले.

येथे हस्तकलेची निवड महत्त्वाची ठरते. थर्माकोलचे ताजमहाल कोठेही होतात. ग्रंथालयाला साजेशी कला म्हणजे कागदाची आणि पुस्तकाची. एक ताव आठ घरांत दुमडून मधोमध एकच काप दिला, की खळ वा दोरा न वापरता आठ पानांची पुस्तिका तयार होते. कागदातील तंतूंना दिशा असते, हेही मुलांना हातानेच कळते. वर्तमानपत्र उभे सरळ फाटते, आडवे वेडेवाकडे. तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असतील, तर पाने सहज उलटतात. त्यापुढची पायरी दोऱ्याच्या शिलाईची. बँकेचे पासबुक उलगडून पाहिले तर हीच मधल्या घडीवरची बांधणी दिसते. चिकटविण्यासाठी मैद्याची खळ पुरते. पुस्तकबांधणी करणारे कारागीर कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या वर्गात नसावे.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून अरविंद गुप्ता यांनी रचलेली खेळणी सर्वपरिचित आहेत. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांची सुरुवात झाली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. असे का, हे विचारणाऱ्या मुलाच्या हाती त्याच क्षणी पुलांवरचे किंवा घरबांधणीवरचे पुस्तक द्यावे. ती पुस्तके आधीच टेबलावर काढून ठेवावी लागतात. पुष्कळ शिबिरांत नेमके हेच राहून जाते.

ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो, म्हणून एका वेळी वीसच मुले घ्यावीत आणि सोबत एखादे निवृत्त शिक्षक किंवा शिंपीकाम जाणणारी व्यक्ती असावी. दोरा सुईत ओवण्यातच पहिला तास जातो, हे गृहीत धरलेले बरे.

पुस्तिकेत लिहायचे काय? बेट्टदपुरच्या डोंगरावरील देवाचे नाव सिडिलु मल्लिकार्जुन. ‘सिडिलु’ म्हणजे वीज. हे नाव का पडले, ते मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि ऐकलेली कथा आपल्या अक्षरात उतरवावी. अशी पुस्तिका दुकानात विकत मिळत नाही. ग्रंथपालाने तिला वेगळ्या वहीत दाखल क्रमांक द्यावा. नोंदवहीत चढल्यावाचून कशालाही अस्तित्व नसते, हे बँकेतील मंडळींना सांगावयास नकोच! आपले पुस्तक कोणी नेले, हे पाहण्यासाठी तरी मूल पुढच्या आठवड्यात येते. येताना बहुधा एखाद्या भावंडालाही घेऊन येते.