दाबाखालचा प्राणवायू

पोलादी चेंबरचं दार लागतं, दाब चढायला लागतो, आतली हवा गरम होते आणि कानाला दडे बसतात. बाहेरचा तंत्रज्ञ माइकवरून सांगत राहतो: आवंढा गिळा, नाक धरा, तोंड मिटून हळूच फुंकर मारा. ज्यांना दडा सोडवताच येत नाही, त्यांच्या पडद्याला कधीकधी आधी बारीक छिद्र पाडावं लागतं. कानाच्या इलाजाला आलेल्याने इथे पहिल्यांदा कानच सांभाळायचा असतो!

आत जायचं ते सुती कपड्यांत. मोबाइल, लायटर, तेलकट मलम सगळं बाहेर. हे सोपस्कार वाटतील, पण १९९७ साली मिलानच्या गालेआत्सी संस्थेत चेंबरला आग लागून अकरा जण गेले. एका रुग्णाजवळची हात शेकायची छोटी शेगडी त्याला कारण ठरली होती.

यंत्राचं तत्त्व सोड्याच्या बाटलीतलंच: दाब वाढवला की द्रवात वायू जास्त विरघळतो. एरवी प्राणवायूची जवळजवळ सगळी वाहतूक हिमोग्लोबिन करतं. रक्तद्रवात विरघळलेला भाग १०० मिलिलिटरमागे जेमतेम ०.३ मिलिलिटर. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला की तो सहाच्या आसपास जातो. आराम करणाऱ्या शरीराची गरज तेवढ्यावर भागू शकते. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी १९६० साली हे डुकरांवर दाखवलं. रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या, तरी चेंबरमधली डुकरं जगली.

चेंबर मात्र या शास्त्राच्या कितीतरी आधीचा. इंग्लंडात हेन्शॉ यांनी १६६२ मध्ये भात्यांनी हवा भरायची बंद खोली सुचवली, तेव्हा प्राणवायूचा शोधही लागला नव्हता. अमेरिकेत डॉ. कनिंगहॅम यांच्यासाठी १९२८ साली क्लीव्हलंडला अनेक मजली पोलादी गोळा उभा राहिला. त्यात मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर दाबाखालच्या हवेचा उपचार होई. वैद्यक संघटनेने पुरावा मागितला, तो काही मिळाला नाही. पुढे गोळा भंगारात गेला. या यंत्राला अवाजवी आश्वासनांची खोड जुनीच आहे.

मग कानाशी त्याचा संबंध काय? आतल्या कानातल्या शंखिकेला रक्त पुरवणारी धमनी एकच, पर्यायी वाट नाही. ऐकण्याचं काम करणाऱ्या केसपेशींना तर थेट रक्तवाहिनीच नाही. भोवतालच्या द्रवातून झिरपेल तेवढ्या प्राणवायूवर त्यांचं चालतं. तो थांबला की त्या मरतात, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. अचानक येणाऱ्या बहिरेपणात माणूस सकाळी उठतो तर एक कान बंद आणि आत शिट्टी चाललेली. विषाणू, गुठळी की आणखी काही, बहुतेकदा कारण सापडत नाही.

पहिलं औषध स्टिरॉइडच. त्याच्या जोडीला दोन ते अडीच वातावरणांच्या दाबाखाली दीड तासाच्या दहा ते वीस बैठका देतात. अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचनांत हा उपचार ‘पर्याय’ म्हणून आहे: दोन आठवड्यांच्या आत स्टिरॉइडसोबत, किंवा गुण आला नाही तर महिन्याच्या आत. अनेकांचा कान आपोआपही बऱ्यापैकी परततो, त्यामुळे श्रेय कुणाचं हे ठरवणं अवघड. मला ‘पर्याय’ हा शब्द प्रामाणिक वाटतो.

वर्षानुवर्षं वाजणाऱ्या कानाची गोष्ट वेगळी. २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात जुन्या बहिरेपणावर आणि कान वाजण्यावर या उपचाराचा उपयोग दिसला नाही. अशा रुग्णाला वीस बैठकांचं पॅकेज विकणं ही निव्वळ दुकानदारी.

अचानक आलेल्या बहिरेपणात खरा घात होतो तो उशिराने. सर्दीचा दडा असेल, मळ असेल म्हणत दिवस जातात आणि वर थेंब घातले जातात. वास्तविक ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवायला मिनिटही लागत नाही. मळ किंवा सर्दी असेल तर आवाज बंद कानात मोठा येतो. नसेचा बिघाड असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. सरकला तर ऑडिओग्राम त्याच दिवशी काढायचा.