साठीनंतरचा श्रीगणेशा

जालन्याहून भोकरदनकडे जाताना वाटेत राजूर लागते. तेथील टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनाला चतुर्थीस, आणि अंगारकीस तर विशेषच, दूरदूरच्या गावांतून माणसे लोटतात. या गर्दीत वृद्ध स्त्रियाही पुष्कळ असतात. देव विद्येचा. त्याच्याच नमनाची अक्षरे पूर्वी पाटीवर प्रथम गिरवली जात, म्हणून कोणत्याही आरंभाला आपण ‘श्रीगणेशा’ म्हणतो. परंतु त्याच्या दारी हात जोडून उभ्या असलेल्या कित्येक आजींच्या हाती ती पाटी कधी आलीच नाही. देणगीच्या पावतीवरचे स्वतःचे नावही त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.

आपल्या घरी अशी आजी असेल, तर ‘आता शिक ना’ असे एकदा म्हणून पाहावे. उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘आता कशाला? गोवऱ्या गेल्या मसणात!’

या नकाराला आपण आळस समजतो, किंवा तृप्ती समजून गप्प बसतो. माझ्या मते बहुतेक वेळा तो संकोच असतो. जिने आयुष्यभर घर चालवले, पेरणीपासून बाजारापर्यंतचे हिशेब तोंडी केले, तिने नातवासमोर बसून वाकडातिकडा ‘ग’ काढायचा! हसे होईल, ही धास्ती साधी नव्हे. त्यातच वर्षानुवर्षे जपलेले एक गुपित असते. कागद पुढे आला की ‘चष्मा घरी राहिला’ असे सांगून वेळ निभावलेली असते. शिकायला बसणे म्हणजे ते गुपित चारचौघांत उघडे करणे. ‘नको’ या दोन अक्षरांत एवढे सारे दडलेले असते.

हा संकोच सुटू शकतो, याचे उत्तम उदाहरण ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावी पाहावयास मिळते. गावात शिवजयंतीच्या निमित्ताने वाचन चालले असता, आपल्यालाही वाचता आले असते तर, अशी खंत वृद्ध स्त्रियांनी व्यक्त केली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली, आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. विद्यार्थिनींचे वय ६० ते ९० वर्षे. गुलाबी साडीचा गणवेश, पाठीवर दप्तर आणि दुपारी दोन ते चार ही वेळ.

या तपशिलांकडे जरा थांबून पाहावे. वर्तमानपत्रांनी गुलाबी साड्यांची छायाचित्रे हौसेने छापली; मला मात्र वेळेचे महत्त्व अधिक वाटते. सकाळची कामे आटोपलेली, संध्याकाळची चूल पेटायची आहे. म्हणजे घरच्या जबाबदारीला धक्का न लावता शिकण्याची मुभा. शेजारी बसलेली मैत्रीणही तितकीच अडखळणारी, त्यामुळे हसणार कोण? शिकवणारी गावातलीच, एका विद्यार्थिनीची सून. आणि सर्वांचा एकच वेश असल्यामुळे ‘एकटी मीच वेडी’ असे वाटण्यास जागा उरली नाही. या आजींना धैर्यावर कोणी व्याख्यान दिले नव्हते. लाज वाटण्याची कारणे एकेक करून दूर केली गेली.

घरातील शुश्रूषा करणाऱ्यांनी एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. ‘नको’ म्हणण्यामागे कधी मोतीबिंदू असतो, कधी कानाला कमी ऐकू येणे, कधी बोटांतील सांधेदुखी किंवा कंप. तेव्हा पाटी आणण्याआधी डोळे व कान तपासून घ्यावेत. जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागतो का, तेही पाहावे. जेवण, झोप, गप्पा, देवपूजा या साऱ्यांवरूनच मन उडाले असेल आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर तो संकोच नसून नैराश्य असू शकते. तेथे डॉक्टरांचाच सल्ला हवा. तसेच, शिकल्याने विस्मरणाचा आजार बरा होतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

आणि आजी, हा लेख आपल्याला कोणी वाचून दाखवत असेल, तर पुढचे आपल्यासाठी. केंद्र शासनाचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. तो १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी असून वरच्या वयाला मर्यादा नाही. गावातील जिल्हा परिषद शाळेत चौकशी करावी. शिकवणारा स्वयंसेवक घरचा वा शेजारचाही असू शकतो. एकटीने जाण्यास धीर होत नसेल, तर भजनातली एखादी मैत्रीण सोबत घ्यावी. आरंभ बाराखडीपासूनच करावा, असेही नाही. आपल्या नावातील अक्षरे आधी गिरवावीत. रोज पंधरा मिनिटे पुरेत. हात दुखला की थांबावे. पेन्सिल बारीक वाटल्यास तिच्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळावी, म्हणजे पकड येते.

सही जमू लागल्यावर बँकेतील नोंद बदलावी लागते. तेथे अजून आपला अंगठाच असेल. पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जावे. नातवाने सोबत जरूर जावे, पण खिडकीपाशी आजीला पुढे उभे राहू द्यावे, आणि तिला कितीही वेळ लागला तरी तिच्या हातातील पेन काढून घेऊ नये.